जमीन सगळ्यात शेवटी: स्वावलंबी सहकारी वस्ती उभारण्याचा क्रम

नोकरी, भाडं आणि हप्ते या चक्राला कंटाळलेली आठ-दहा माणसं एकत्र येतात. दोन भेटी छान जातात. तिसऱ्या भेटीत कोणीतरी मोबाइलवर एका जमिनीचा फोटो दाखवतं आणि तिथून पुढे विहीर कुठे, सामाईक स्वयंपाकघर कुठे, बाग कोणत्या अंगाला यापलीकडे बोलणं जात नाही. बाजारात तुरी असतानाच पहिलं भांडण होऊन जातं. तरीही वर्षभरात जमीन घेतली जाते, आणि बहुतेक वेळा गाडं तिथेच रुततं.

याचं सर्वात बोलकं उदाहरण दोनशे वर्षं जुनं आहे. हार्मनी सोसायटी या जर्मन धार्मिक पंथानं १८१४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात, वाबाश नदीच्या काठी एक गाव वसवायला घेतलं. दहा वर्षांत घरं, गिरण्या, शेतं, बागा असं सगळं उभं राहिलं. मग ते गाव विकून हीच मंडळी पेनसिल्व्हेनियात दुसरं वसवायला निघाली. १८२५ मध्ये ते तयार गाव रॉबर्ट ओवेन यांनी विकत घेतलं. सहकाराच्या विचारातलं हे फार मोठं नाव. गाठीला पैसा होता, विचार स्पष्ट होता, घरं आयती होती. त्या गावात, म्हणजे 'न्यू हार्मनी'त, जवळजवळ येईल त्याला प्रवेश मिळाला. १८२७ मध्ये प्रयोग मोडला. गाव विकून गेलेली मंडळी मात्र १९०५ पर्यंत टिकून होती. ब्रह्मचर्याचा नियम नसता तर कदाचित आणखीही टिकली असती.

माती तीच, घरं तीच, नदी तीच. म्हणून या लेखात सांगितलेला क्रम नेहमीच्या उलटा आहे: आधी एक छोटा सामाईक व्यवहार, मग माणसं, मग लेखी नियम, मग बाहेरून येणारा पैसा आणि शेवटी जमीन.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घेऊ. स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतः बनवणं असा अर्थ धरलात तर सुई, मीठ आणि प्रतिजैविकं यांच्यापाशीच अडकाल. कामाला येईल अशी व्याख्या वेगळी आहे: बाहेरच्या कोणत्याही एका माणसानं, बँकेनं किंवा गिऱ्हाइकानं हात आखडता घेतला तरी वस्ती वर्षभर तगली पाहिजे. पुढची सगळी गणितं याच व्याख्येवर मांडली आहेत.

पहिली पायरी: एक सामाईक खर्च शोधा

प्रत्येक घरानं तीन महिने आपला खर्च लिहून काढायचा. किराणा, भाडं, वीज-इंधन, प्रवास, औषधोपचार, मुलांची देखभाल, कर्जावरचं व्याज. मग सगळ्या वह्या एका टेबलावर ठेवायच्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण कित्येक गट इथेच गळतात, कारण आपण व्याज किती भरतो हे मित्रासमोर सांगणं कठीण असतं. जो गट हे करू शकत नाही त्यानं पुढच्या पायऱ्या वाचून वेळ घालवू नये.

वह्यांतून असा एक खर्च निवडा जो प्रत्येक घर दर महिन्याला करतं, ज्यात फार कौशल्य लागत नाही आणि जो उपक्रम फसला तरी कोणी रस्त्यावर येणार नाही. बहुतेक ठिकाणी धान्य-किराण्याची घाऊक खरेदी किंवा छोटा बचत गट यापैकी एक निघतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी हेच केलं. त्यांत बरेच विणकर होते. प्रत्येकी एक पौंड भागभांडवल, तेही आठवड्याला काही पेन्स अशा हप्त्यांनी जमवलेलं. २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनवर दुकान उघडलं तेव्हा फळीवर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. रॉचडेल म्हटलं की लोकांना दुकानच आठवतं. त्यांच्या उद्दिष्टांच्या यादीत मात्र उत्पादन, वाटप, शिक्षण आणि कारभार स्वतः पाहणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली वसाहत उभारायची असं स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे तुमचं-आमचंच स्वप्न. ती वसाहत काही झाली नाही, पण दुकानातून जगभरची सहकारी चळवळ निघाली.

त्यांचे तीन नियम जसेच्या तसे उचला. उधारी बंद. एक सभासद एक मत, भांडवल कितीही असो. आणि माल बाजारभावानं विकून वर्षाअखेरीचा नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत द्यायचा. तिसऱ्या नियमावर वाद होतो. 'आपलंच दुकान, मग खरेदीच्या भावात का नको?' कारण खरेदीच्या भावात विकलेल्या मालातली तूट, उंदरांनी खाल्लेलं पोतं आणि तराजूची दुरुस्ती यांचे पैसे कुठूनच येत नाहीत. शिवाय बाजारभावानं विकताना वर्षभर खेळतं भांडवल आपोआप साठतं, आणि वर्षाअखेरीला परत मिळणारी रक्कम डोळ्यांना दिसते. दरमहा पोत्यामागे वाचलेले चार पैसे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

हा एक व्यवहार किमान वर्षभर चालवा. या काळात जमिनीचा विषय काढायचा नाही.

दुसरी पायरी: माणसं

वर्षभर एकत्र पोती उचलल्यावर माणसं कळतात. मुलाखतीत कोणीही समंजस असतं. हिशेबात तीनशेचा फरक लागल्यावर कोण वही घेऊन बसतं, कोण आवाज चढवतं आणि कोण पुढच्या महिन्यात येईनासं होतं, हे बघितल्यावर निवड जवळजवळ झालेलीच असते.

नवीन माणसासाठी टप्पे ठेवा: पाहुणा म्हणून काही आठवडे राहणं आणि काम करणं, मग घरी जाऊन विचार करायला सक्तीची सुट्टी, मग सहा महिने ते वर्षभर तात्पुरतं सभासदत्व, मग पूर्ण. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली ट्विन ओक्स ही वस्ती १९६७ पासून चालू आहे. तिथे तीन आठवडे राहून गेल्याशिवाय अर्जाचा विचारच होत नाही. मधली सुट्टी महत्त्वाची, कारण भारावलेल्या माणसाचा होकार खरा नसतो. नव्याचे नऊ दिवस त्याच्या घरीच सरू द्यावेत.

दोन प्रकारच्या माणसांपासून मी सावध राहीन. एक, ज्याला प्रत्येक प्रस्ताव आवडतो. दुसरा, जो एकटाच निम्मं भांडवल घालायला तयार आहे. दुसरा माणूस बहुधा मनानं चांगला असतो, पण त्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वस्तीत एक सभासद एक मत हा नियम कागदावरच राहतो. सभेत सगळे आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात. त्याचे पैसे घ्यायचेच असतील तर कर्ज म्हणून, ठरलेल्या मुदतीचं, लेखी घ्या.

संख्येचं म्हणाल तर दहा-पंधरा घरांचा गाभा सुरुवातीला पुरतो. त्याहून कमी असतील तर एक घर गेलं तरी काम अडतं. वरची मर्यादा कॅनडा-अमेरिकेतल्या हटराइट वस्त्यांकडून घ्यावी. संपूर्ण सामाईक मालमत्तेवर जगणारे हे शेतकरी लोकसंख्या साधारण १२० ते १५० झाली की वस्तीची विभागणी करतात. त्यापुढे माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, पण कोण काम टाळतंय हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

तिसरी पायरी: बाहेर पडायचा दरवाजा आधी बांधा

घोडं पेंड खातं ते इथे. म्हणून या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या. सहा महिने गेले तरी चालतील.

घटना किंवा उपविधी लिहायला बसलेले लोक उद्दिष्टांवर तीन पानं लिहितात आणि राजीनाम्यावर एक ओळ. मी उलट सांगेन. पहिल्या दिवशी फक्त या प्रश्नांची उत्तरं लिहा: सभासद सोडून जातो तेव्हा त्याला काय मिळतं आणि किती दिवसांत? जोडपं विभक्त झालं तर घर कोणाकडे राहतं? सभासद वारला आणि वारसाला वस्तीत राहायचं नसेल तर? वारसाला राहायचं आहे, पण वस्तीला तो नको असेल तर? कोणी म्हातारं झालं, काम होत नाही, तर? कोणाला काढून टाकायचं असेल तर किती मतं लागतील, आणि त्याचं म्हणणं कोण ऐकेल? वस्तीच गुंडाळायची वेळ आली तर जमीन कोणाला जाईल? ही उत्तरं भांडण झाल्यावर शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं.

परताव्यात दोन धोके आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. सोडून जाणाऱ्याला काहीच मिळणार नसेल तर नाराज माणसंही अडकून राहतात आणि सगळ्यांचं जगणं कडवट करतात. इस्रायलच्या किबुत्झांत, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतीवस्त्यांत, अनेक दशकं सगळी मालमत्ता सामाईक होती. बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हातात फारसं काही नसे, तरी तरुण बाहेर पडतच राहिले. उलट, जाणाऱ्याला मालमत्तेच्या चालू किमतीचा पूर्ण हिस्सा रोख द्यायचा ठरलं, तर तीन घरं एकदम निघाली की वस्ती कर्जात बुडते.

मधला रस्ता स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनच्या कामगार सहकारी संस्थांनी दाखवला. प्रत्येक सभासदाच्या नावानं आत एक भांडवली खातं असतं. प्रवेशाची रक्कम त्यात जाते, दरवर्षीच्या नफ्यातला त्याचा वाटा त्यात जमा होतो, आणि ती रक्कम निवृत्तीच्या किंवा सोडून जाण्याच्या वेळी मिळते. नफ्याचा दुसरा भाग संस्थेच्या गंगाजळीत जातो. त्यावर कोणाचाही वैयक्तिक हक्क नसतो, कधीच. याच धर्तीवर वस्तीचा नियम असा लिहिता येईल: जमीन आणि इमारती गंगाजळीच्या बाजूला, म्हणजे अविभाज्य; सभासदानं घातलेलं भागभांडवल आणि साठलेला वाटा वैयक्तिक खात्यात; सोडल्यावर ती रक्कम पाच वर्षांत समान हप्त्यांनी परत; आणि कोणत्याही एका वर्षात सगळ्या परताव्यांची बेरीज शिल्लक निधीच्या ठरावीक भागापेक्षा जास्त नाही. आकडे तुमचे तुम्ही ठरवा. चारही कलमं मात्र हवीतच.

अविभाज्य का, हा प्रश्न वीस वर्षांनी येतो. सहकारी वस्त्या गरिबीनं मोडतात हे सगळ्यांना माहीत असतं, श्रीमंतीनंही मोडतात हे कमी जणांच्या ध्यानात येतं. न्यूयॉर्क राज्यातली ओनायडा वस्ती १८४८ मध्ये सुरू झाली, तिचे कारखाने चांगले चालले, आणि १८८१ मध्ये ती भागधारकांची कंपनी झाली. त्यामागे वैवाहिक रीतींवरून झालेला वाद होता, नेतृत्वाचाही प्रश्न होता. पण वाटून घेण्यासारखं काही असलं की वाद वाटणीवर येऊन थांबतो.

यावर जर्मनीत एक सुबक कायदेशीर युक्ती निघाली आहे. मीट्सहॉयझर सिंडिकाट या जाळ्यात प्रत्येक घर एका छोट्या कंपनीच्या मालकीचं असतं. तिचे भागीदार दोनच: एक म्हणजे त्या घरातल्या रहिवाशांची संघटना, दुसरं म्हणजे सिंडिकाट. रोजचा कारभार, भाडं, नवीन रहिवाशाची निवड हे सगळं रहिवासी ठरवतात. घर विकायचं म्हटलं तर मात्र सिंडिकाटची संमती लागते, आणि ती कधी मिळत नाही. म्हणजे आजच्या रहिवाशांना मोह झाला तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. तुमच्या देशातल्या कायद्यात हे न्यास, सहकारी संस्था किंवा कंपनी यापैकी कशातून बसेल ते चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या. फुकटच्या ओळखीतल्या वकिलाकडून नको.

चौथी पायरी: निर्णय आणि तंटे

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण खरी असली तरी पाचांपैकी दोन सतत हरत राहिले तर ते सहाव्या महिन्यात काम सोडून देतात. वस्तीत हरलेला गट त्याच विहिरीवर पाणी भरतो. म्हणून साध्या बहुमतावर मोठे निर्णय घेऊ नयेत. उलट टोकाला, प्रत्येकानं मनापासून हो म्हणेपर्यंत थांबायचं ठरवलं तर सभा पहाटेपर्यंत चालतात आणि शेवटी ज्याची बसायची ताकद जास्त तो जिंकतो.

नेदरलँड्समध्ये रुजलेली संमतीची पद्धत मला सर्वात व्यवहारी वाटते. तिथे प्रश्न 'हे तुम्हाला आवडतं का' असा नसतो. 'यानं आपल्या सामाईक कामाचं नुकसान होईल असं सांगणारं कारण तुमच्याकडे आहे का' असा असतो. कारण नसेल तर प्रस्ताव पुढे जातो, ठरलेल्या मुदतीसाठी, आणि मुदत संपली की पुन्हा तपासला जातो. मुदत हाच खरा गाभा. सहा महिन्यांपुरतं म्हटलं की विरोधाची धार निम्मी होते.

दुसरी गोष्ट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाकडून घेण्यासारखी आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे निर्णय सर्वसहमतीनं ग्रामसभेत होतात, पण विषयाचा काथ्याकूट आधी वेगळ्या अभ्यास गटात होतो. अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नाही, त्यामुळे तिथे कोणाला जिंकायचं नसतं. माहिती गोळा करणं आणि ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत केल्या की निम्मी भांडणं होतच नाहीत.

स्वयंपाकघराला मीठ किती आणायचं हे सभेत यायला नको. प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस, त्याला खर्चाची मर्यादा, मर्यादेच्या आत पूर्ण मोकळीक. आणि दर वर्षी बदल.

तंट्यांसाठी वेगळी सोय हवी. सामाईक कुरणं, पाणी, मासेमारी यांचे शेकडो वर्षं टिकलेले नमुने अभ्यासणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकाऊ व्यवस्थांत त्यांना वारंवार दिसलं ते असं: देखरेख करणारे वापरणाऱ्यांतलेच असतात, पहिल्या चुकीला दंड अगदी किरकोळ असतो आणि चूक पुन्हा झाली तर तो वाढत जातो, आणि भांडण मिटवायची जागा जवळ व स्वस्त असते. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला कालव्याच्या पाण्याचं न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरतं. न्याय करणारे शेतकऱ्यांतूनच निवडलेले, सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. तुमच्याकडे दर आठवड्याला अर्धा तास आणि फिरत्या पाळीचे तीन पंच पुरतील. तक्रार नसेल तरी बसायचं. म्हणजे तक्रार घेऊन येणं ही मोठी घटना उरत नाही.

पाचवी पायरी: श्रमाचा हिशेब

'ज्याला जमेल तसं त्यानं करावं' हे तीन महिने चालतं. मग स्वयंपाक, भांडी, संडास-सफाई, आजाऱ्याची शुश्रूषा आणि मुलं ही कामं त्याच त्याच तीन-चार बायकांकडे जमा होतात आणि पुरुष सौर पॅनेलवर चर्चा करतात. समतेचा झेंडा लावलेल्या किबुत्झांतही स्वयंपाकघर, धुलाई आणि बालगृह यांत बायकाच जास्त राहिल्या. इरादा चांगला असूनही.

उपाय एकच: तास मोजा. ट्विन ओक्समध्ये प्रत्येकाला आठवड्याचे ठरावीक तास भरावे लागतात, आणि त्यात विक्रीच्या कामाचा तास व स्वयंपाकाचा तास सारखाच धरतात. मुलं सांभाळणं, आजारपण, सभेच्या नोंदी लिहिणं, सगळं तासांत. मोजणी रूक्ष वाटते. न मोजता मनात साठणारी मोजणी त्याहून वाईट.

कागदावर करून पाहा. ३० प्रौढ, आठवड्याला प्रत्येकी ४० तास, म्हणजे १,२०० तास. स्वयंपाक आणि भांडी २५०, मुलं १८०, सफाई-दुरुस्ती १२०, सभा-हिशेब-खरेदी १००, आजारपण आणि रजा १५०. उरले ४००. भाजीपाला, गुरं, बांधकाम आणि पैसा मिळवून देणारं काम हे सगळं या ४०० तासांत बसवायचं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण उरलेला आकडा बघून गट गप्प होतो हे नक्की. तो गप्प होणं जमीन घेण्याआधी झालेलं बरं.

सहावी पायरी: बाहेरचा पैसा

कर, औषधं, लोखंड, शिक्षण, फोन यांना रोख लागते. नियम सोपा ठेवा: उत्पन्नाचे किमान तीन मार्ग, आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडून एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न नको. ट्विन ओक्सचा झोपाळे विणण्याचा धंदा बराच काळ एका मोठ्या विक्री साखळीवर अवलंबून होता. २००४ मध्ये ती मागणी थांबली. वस्ती तगली, कारण टोफू बनवणं आणि पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करणं हे धंदेही चालू होते.

सुरुवातीची काही वर्षं निम्म्या सभासदांनी बाहेरची नोकरी ठेवायला काही हरकत नाही. शुद्धतेच्या हट्टापायी सगळ्यांनी एकदम राजीनामे देणं हा शूरपणा महागात पडतो.

कौशल्य आधी, धंदा नंतर, हेही मोंद्रागोनकडून. होसे मारिया अरिझमेंदिअरिएता हे तरुण धर्मगुरू १९४१ मध्ये त्या गावात आले. १९४३ मध्ये त्यांनी तांत्रिक शाळा काढली. पहिली कामगार सहकारी संस्था १९५६ मध्ये निघाली, आणि तिचे पाच संस्थापक याच शाळेतून पुढे आलेले होते. मध्ये तेरा वर्षं गेली. १९५९ मध्ये स्वतःची सहकारी पतपेढी उभी राहिली, त्यामुळे पुढच्या संस्थांना भांडवलासाठी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. पगारातलं अंतर सुरुवातीला एकास तीनपर्यंतच ठेवलं होतं.

सातवी पायरी: आता जमीन

इथपर्यंत दोन-तीन वर्षं गेली असतील. वर्षाचा ताळेबंद आहे, नियम एक-दोन भांडणांतून तावून-सुलाखून निघालेत, तासांचा अंदाज आहे. आता जमीन बघा, आणि ती वर्षातल्या सर्वात वाईट महिन्यात बघा. पाऊस नुकताच संपलाय, ओढा वाहतोय, सगळं हिरवंगार आहे, अशा वेळी प्रत्येक जमीन चांगलीच दिसते.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या डोंगरी गावाचा १५१७ मधला एक नियम या बाबतीत शिकवून जातो: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. क्षमता मोजायची ती टंचाईच्या काळातली. जमिनीला, पाण्याला आणि सभासदसंख्येला हेच लावा.

पाण्याचं गणित. माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर १०० माणसांना १०,००० लिटर. चार कोरड्या महिन्यांसाठी १२ लाख लिटर. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १,००० चौरस मीटर छप्पर आणि ८०० मिलिमीटर पाऊस असेल तर गळती-बाष्पीभवन वजा जाता सहा-साडेसहा लाख लिटर हाती येईल, म्हणजे गरजेच्या निम्मं. आणि हे फक्त घरगुती. एक हेक्टर भिजवायला दिवसाला पाच मिलिमीटर द्यायचे तर ५०,००० लिटर लागतात, म्हणजे १०० माणसांच्या घरगुती वापराच्या पाचपट. विहिरीची चाचणी घेताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

अन्नाचं गणित त्याहून डोळे उघडणारं. लहान-मोठे धरून माणशी दिवसाला सरासरी २,००० कॅलरी, त्यातल्या दोन तृतीयांश धान्यातून आल्या तर वर्षाला साधारण १४० किलो धान्य लागतं. १०० माणसांना १४ टन. बियाणं, साठवणीतली नासाडी आणि वाईट वर्षाची बेगमी धरून २० टन. हेक्टरी दोन टन उतारा असेल तर १० हेक्टर पेरा, डाळी-तेलबिया आणि चारा वेगळाच. भाजीपाल्याला मात्र नीट पाणी आणि खत मिळालं तर अर्ध्या हेक्टरमध्ये दिवसाला माणशी ३०० ग्रॅम निघू शकतात. म्हणून आधी भाजी, मग फळझाडं आणि दूध-अंडी, आणि धान्य सगळ्यात शेवटी. धान्य साठवता येतं, लांबून आणता येतं, घाऊक घेता येतं. आणि घाऊक खरेदी तुम्हाला पहिल्या पायरीपासून येतेच.

जमिनीवर कर्ज काढण्याबद्दल माझं मत ठाम आहे: जमीन गहाण ठेवू नका. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी 'न्यू कम्युनिटीज' नावाचा सामुदायिक भूमी न्यास उभारला. जमीन न्यासाची, वापर कुटुंबांचा, ही कल्पना पुढे अमेरिकाभर गेली. त्यांच्याकडे ५,००० एकरांहून जास्त जमीन होती. दुष्काळ पडला, सरकारी कर्जव्यवहारात वांशिक भेदभाव झाला, आणि १९८५ मध्ये सगळी जमीन जप्तीत गेली. पुढे भेदभावाच्या दाव्यात भरपाई मिळाली, पण मधल्या काळात एक पिढी निघून गेली. पैसे कमी असतील तर लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं कमी जमीन घ्या. सभासद आणि मित्रांकडून छोटी-छोटी, वेगवेगळ्या मुदतींची कर्जं घ्या, म्हणजे सगळे एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत.

वीज, घरबांधणी, सांडपाणी यावर माहिती भरपूर मिळते, म्हणून इथे लांबण लावत नाही. एवढंच, की पहिली इमारत सामाईक असावी आणि तिच्यात स्वयंपाकघर असावं.

आठवी पायरी: एकटं राहू नका

एक वस्ती म्हणजे प्रचलित व्यवस्थेला पर्याय होत नाही, फार तर तिच्यातून काढलेली सुट्टी होते. पर्याय म्हणायचं तर एकमेकांचे धक्के झेलणाऱ्या अनेक वस्त्या लागतात. २०१३ मध्ये मोंद्रागोनमधली घरगुती उपकरणं बनवणारी मोठी संस्था दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिथल्या बऱ्याच सभासदांना जाळ्यातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. जाळं नसतं तर ते सरळ बेकार झाले असते. म्हणून शेजारच्या गावाशी, दुसऱ्या सहकारी गटांशी खरेदी, यंत्रं, बियाणं, शिकवणी यांचे करार पहिल्या वर्षापासून करा, आणि नफ्यातला एक ठरलेला हिस्सा सामाईक संकटनिधीत टाका. शेजारच्या गावाला तुमच्या विचारांत रस नसतो, तुमचा ट्रॅक्टर कधी मोकळा आहे यात असतो. तिथूनच सुरुवात करावी.

आणि वाढ झालीच तर वाटणीची तयारी लवकर सुरू करा. हटराइट वस्त्या नव्या जमिनीसाठी अनेक वर्षं पैसे बाजूला ठेवत जातात. त्यांच्या काही शाखांत विभागणीची रीत अशी: कुटुंबांच्या दोन याद्या होतात, वयं, कौशल्यं, यंत्रं, गुरं सगळं दोन्हीकडे सारखं बसेल अशा. मग दोन्ही याद्यांतली माणसं सामान बांधतात. कोणती यादी नव्या जागी जाणार हे चिठ्ठी टाकून अगदी शेवटी ठरतं, त्यामुळे गायी वाटून घेताना चांगल्या गायी कुठल्या बाजूला घालाव्यात हे कोणालाच कळत नाही.